खोतीचे कैवारी

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरातून निघून पोलादपूरपाशी खोऱ्यात उतरते आणि महाडला गांधारीचे पाणी पोटात घेऊन दासगावावरून बाणकोटच्या खाडीस मिळते. मोटारीचे रस्ते होण्यापूर्वी या मुलखाचा अवघा व्यापार याच पाण्याच्या वाटेने चाले. वरंध घाटाने भोर-पुण्याकडून आणि पारघाटाने जावळी-वाईकडून बैलांचे तांडे गूळ, मिरची, तंबाखू घेऊन खाली उतरत, मीठ, नारळ आणि सुकी मासळी लादून पुन्हा घाट चढत, आणि भरतीच्या पाण्यावर महाडच्या धक्क्यापर्यंत आलेले पडाव व मचवे खोऱ्यातले भात आणि पोलादपूरकडच्या डोंगरातला हिरडा मुंबईच्या दिशेने नेत. या भाताविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या कुणब्याने किंवा महाराने गुडघाभर चिखलात उभे राहून ते लावले, कापले आणि झोडले, त्याच्या हातून ते बाजारात क्वचितच जाई. ते जाई खोताच्या कोठारातून. महाडच्या पेढीवर ज्याचा हिशेब लिहिला जाई तो खोताचा. कुळाचे नाव त्या चोपडीत आलेच, तर बाकीच्या रकान्यात येई.

खोत म्हणजे मुळात सरकारी वसुलाचा मक्तेदार. ओस पडलेली गावे पुन्हा वसवावीत, जंगल तोडून जमीन लागवडीस आणावी, यासाठी आदिलशाही अमदानीत ज्यांनी कौल घेतले, त्यांच्याकडे त्या त्या गावचा वसूल सोपविण्याची वहिवाट कोकणात पडली. शिवकालात अशा मध्यस्थांना वेसण घालण्याचा प्रयत्न झाला. महाराजांच्या पश्चात ती वेसण ढिली पडली, आणि पेशवाईच्या अखेरीपर्यंत खोती हे इतर वतनांसारखेच एक वतन होऊन बसले, जे वारसाने मिळे, भाऊबंदांत तक्षिमांनी वाटले जाई, सावकाराकडे गहाण पडे आणि प्रसंगी विकलेही जाई. अशा रीतीने गावच्या वसुलाचा मक्ता हीच एक खरेदी-विक्रीची वस्तू झाली. १८१८ साली कोकण कंपनी सरकारच्या अमलाखाली आले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक गावे खोती होती, आणि आज ज्याला आपण रायगड म्हणतो त्या कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, म्हणजे महाड-माणगावच्या पट्ट्यात, खोतीचेच प्राबल्य होते. पोलादपूर त्या वेळी महाडातच मोडे.

खोतीच्या गावात कुळांच्या पायऱ्या होत्या. सर्वांत वर धारेकरी, जो सरकारी धाऱ्याइतकेच देऊन मोकळा होई. त्याखाली दुपटकरी वगैरे, ज्यांच्याकडून धाऱ्यावर ठरावीक जादा घेतले जाई. आणि सर्वांत खाली, संख्येने सर्वांत मोठा, वाटेकऱ्यांचा वर्ग. वाटेकऱ्याने भातजमिनीचे निम्मे पीक द्यायचे, ते अर्धेल. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतील नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा द्यायचा, ते तिर्धेल. उभ्या पिकाची पाहणी करून खोताचा माणूस अंदाज बांधी, ती अभावणी; तो अंदाज खळ्यावरच्या राशीशी जुळला नाही तर तोट्याचा धनी कूळ. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत, जिथे भाताची खाचरे हाताच्या बोटांवर मोजावीत आणि बाकी सारा डोंगर, तिथे या वरकस उत्पन्नावरच वर्षाची भाकरी अवलंबून असे; अशा ठिकाणी तिसरा हिस्सा निघून गेल्यावर शिमग्यानंतर घरात काय उरत असेल, याचा हिशेब करण्यास फारसे गणित लागत नाही.

आणि याउपर वेठ. आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचे, त्याचा नांगर धरायचा, घर शाकारायचे, लाकूडफाटा वाहायचा, त्याच्या घरच्या लग्नकार्यात ओझी उचलायची आणि त्याची पालखी वा मेणा खांद्यावर घ्यायचा. महारांच्या वाट्याला ही वेठ दुहेरी येई; एकदा खोताची आणि एकदा गावची, कारण वतनाच्या नावाखाली सरकारी निरोप, टपाल, मढ्याची बातमी या साऱ्यांसाठी त्यांना रात्री-बेरात्री धावावे लागे. वेठीला मोबदला नव्हता. कूळ कुठे निघून जाऊ लागले तर त्याच्या डोक्यावरची बियाण्याची आणि लग्नाच्या कर्जाची बाकी पुढे केली जाई. मनुष्याची विक्री या व्यवस्थेत होत नव्हती, हे खरे; परंतु त्याचे श्रम, त्याचे पीक आणि त्याची हालचाल या तिन्ही गोष्टी ज्याच्या हुकमतीत होत्या, त्याची ती हुकमत मात्र बाजारात विकली जात होती. या संस्थेला गुलामगिरी म्हणावे की न म्हणावे, हा वाद मी कायदेपंडितांवर सोपवतो. माझा विषय तिचे बचावकर्ते हा आहे.

कोणतीही संस्था कायद्याने मोडण्याची वेळ आली की तिचे कैवारी उभे राहतात, हे जगाच्या पाठीवर सर्वत्र दिसते. त्यांपैकी सर्वांत सुसंघटित कैवाऱ्यांचे उदाहरण लंडनचे आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जमैका, बार्बाडोस आदी बेटांतील साखरेच्या मळ्यांचे मालक आणि त्यांच्याशी व्यवहार करणारे लंडनचे व्यापारी यांनी एक मंडळ उभारले होते. १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ सुरू झाली, तेव्हा या मंडळाने पार्लमेंटच्या सभासदांना हाताशी धरले, पत्रके छापली, वृत्तपत्रांत लिहिणारे पोसले, आणि लिव्हरपूल, ब्रिस्टल या बंदरांतून अर्जांची रीघ लावली. त्यांचे मुद्दे वाचले की एक विलक्षण अनुभव येतो. गुलामगिरी चांगली आहे असे म्हणणारे त्यांच्यात थोडे. बहुतेकांचे म्हणणे असे की ही कायद्याने मान्य केलेली मालमत्ता आहे, ती हिरावली तर कोणतीच मालमत्ता सुरक्षित राहणार नाही. सरकारच्या जकातीचे उत्पन्न बुडेल. गुलाम इंग्लंडमधल्या मजुरापेक्षा बरे खातो. आणि सुधारणा करायचीच असेल तर ती सावकाश व्हावी. या 'सावकाश'ने त्यांना चांगला हात दिला. व्यापार १८०७ साली बंद झाला, पण गुलामगिरी मोडण्याचा कायदा व्हायला १८३३ साल उजाडले, आणि तो झाला तेव्हा पार्लमेंटने वीस दशलक्ष पौंड नुकसानभरपाई मंजूर केली, ती मालकांना. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या ऊस तोडला त्यांना एक पेनीही मिळाली नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाने आणखी काही वर्षे त्यांना त्याच मळ्यांवर राबावे लागले, आणि ती उमेदवारी १८३८ साली संपली.

हा इतिहास सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच्या दोन शाखा थेट आपल्या दारापर्यंत येतात. पहिली अशी की १८३३ च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील मुलूख मुद्दाम वगळण्यात आला. हिंदुस्थानातील गुलामगिरी ही निराळी आहे, घरगुती आहे, धर्म आणि रूढी यांत गुंतलेली आहे, तिला हात घालणे धोक्याचे, असा युक्तिवाद तेव्हा झाला. मराठी मुलखातही ही गुलामगिरी होती. कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, घरांत आणि सरकारी कारखान्यांत राबत, त्यांच्या मुलांवरही धन्याचा हक्क चाले. अखेर १८४३ च्या पाचव्या कायद्याने एवढेच केले की गुलामावरचा हक्क सरकारी न्यायालये यापुढे मानणार नाहीत. माणूस गुलाम म्हणून ठेवणे वा विकणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या पीनल कोडाने. या दोन्ही कायद्यांच्या वेळी आपल्याकडे लंडनसारखा गदारोळ उठला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. येथील धन्यांची खरी मिळकत कुणबिणीत नव्हती, ती जमिनीच्या हुकमतीत होती. आणि त्या हुकमतीला अजून कोणी हात घातला नव्हता.

दुसरी शाखा मॉरिशसची. तेथील मळेवाल्यांचा पुढारी आद्रियें देपिने हा वकील होता. गुलाममालकांची बाजू मांडण्यासाठी तो लंडनला गेला, १८३२ साली त्याने आपले वृत्तपत्र काढले, आणि त्या बेटावर गुलामगिरी १८३५ साली संपली तेव्हा मालकांच्या पदरात सुमारे एकवीस लक्ष पौंड पडले. मोकळ्या झालेल्या गुलामांची जागा भरून काढण्यासाठी मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबंद मजूर आणले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी मजूरही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. खोताच्या बाकीतून सुटण्यासाठी जो गलबतावर चढला, तो साखरेच्या करारात जाऊन अडकला.

आता आपल्या खोतांकडे वळू. इंग्रजी अमलाच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत सरकारने त्यांना फारसे छेडले नाही, कारण गावोगाव वसूल करण्याचा खर्च आणि दगदग त्यांच्यामुळे वाचत होती. कज्जा सुरू झाला तो सर्व्हेमुळे. १८६५ च्या सर्व्हे कायद्याच्या ३७ आणि ३८ या कलमांनी खोती गावांची मोजणी करण्याचा, आणि खोताने कुळाकडून काय घ्यावे हे ठरविण्याचाही अधिकार सरकारी अंमलदारांना मिळाला. शंकुसाखळी घेऊन मोजणीदार शेताच्या बांधावर उभा राहिला आणि त्याने वाटेकऱ्याचे नाव कागदावर लिहिले, तोच खोतांच्या दृष्टीने खरा आघात होता. दराची घासाघीस ही नंतरची गोष्ट. ज्याचे नाव कागदावर चढले, त्याला उद्या हक्क सुचेल, हे त्यांनी बरोबर ओळखले.

मग अर्ज सुरू झाले. मामलेदाराकडे, कलेक्टराकडे, कमिशनराकडे, सरकारकडे. ते फेटाळले गेले तर दिवाणी अदालतीत दावे, आणि तेथून हायकोर्टात अपिले. सत्तरीच्या दशकात सरकारला खोतीच्या प्रश्नासाठी कमिशन नेमावे लागले. या काळात खोतांना जो कैवारी लाभला तो सामान्य नव्हता. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे १८३३ साली दापोलीजवळच्या मुरुडास खोताच्याच घरात जन्मलेले, हायकोर्टातले नामांकित वकील, 'व्यवहारमयूखा'चे इंग्रजी भाषांतर करणारे धर्मशास्त्राचे व्यासंगी, 'नेटिव्ह ओपिनियन'चे संस्थापक, आणि १८७४ पासून मुंबईच्या कायदेकौन्सिलाचे सभासद. स्वतःच्या आचरणात कडक आणि सरकारपुढे न वाकणारा असा हा पुरुष. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांच्या हातून खोतांच्या बाजूची मांडणी इतकी भक्कम झाली. खोत हा मक्तेदार नसून वंशपरंपरागत हक्कदार आहे. त्याच्या पूर्वजांनी गावे वसविली. सनदा, निवाडे, महजर यांचे दाखले आहेत. सरकारने एकदा मान्य केलेली वहिवाट सरकारच मोडू लागले तर प्रजेने विश्वास कोणावर ठेवावा, असा एकंदर सूर. लंडनच्या व्यापाऱ्यांचे मुद्दे आपण वर पाहिले. ते या मुद्द्यांशेजारी ठेवून वाचावेत. मंडलिकांनी ते लंडनहून उसने आणले असे मला म्हणायचे नाही. मालकीचा बचाव जेथे जेथे होतो तेथे तेथे तो याच चार पायांवर उभा राहतो, म्हणून ते सारखे आहेत.

या झगड्यातून १८८० चा खोती कायदा निघाला. तो मुख्यतः रत्नागिरीसाठी होता. त्याने जुन्या कुळांपैकी काहींना कायम कब्जाचा हक्क दिला, आणि त्याच लेखणीने खोताचा वसुलाचा हक्क आणि खोतफायदा यांनाही कायद्याचे कवच चढविले. ज्या कायद्याला खोतांनी विरोध केला, त्याच कायद्यात त्यांनी पुढली सत्तर वर्षे आसरा घेतला. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या कायद्यात कुळांच्या बाजूने दुरुस्ती करण्याचे घाटू लागले, तेव्हा 'केसरी'नेही खोतांची कड घेतली. लोकमान्यांचे घराणे चिखलगावचे खोत होते, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या विरोधामागे केवळ घरचा स्वार्थ पाहणे अन्यायाचे होईल. परक्या सरकारने देशी वतनदारांत आणि कुळांत पडू नये, हे त्यांचे राजकारणच होते. पण त्या राजकारणात देशी माणूस म्हणून जो गृहीत धरला गेला तो खोत होता; वाटेकरी त्यात कोठे बसतो, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारलाच नाही.

याचे एक कारण अगदी साधे आहे, आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. अर्ज लिहिणे ही एक विद्या होती. मायना कसा घालावा, कोणत्या कलमाचा हवाला द्यावा, मोडी महजराची नक्कल कोणाकडून उतरवून घ्यावी, तिचा इंग्रजी तर्जुमा कोण करील, स्टँप किती आण्यांचा लावावा, आणि कलेक्टरचा मुक्काम कोठे पडणार आहे, ही सारी माहिती महाडच्या पेठेत ज्यांच्या ओसरीवर होती ते खोत, सावकार आणि वकील एकमेकांचे सोयरे वा स्नेही होते. कुळापाशी तोंडाची फिर्याद होती. आणि तोंडाची फिर्याद दप्तरात राहत नाही. म्हणून आज खोतीवरचे जुने कागद चाळताना असा भास होतो की जणू सारा वाद खोत आणि सरकार या दोघांतच होता.

हा एकतर्फीपणा पहिल्यांदा मोडला तो पलटणीत शिकून आलेल्या माणसांनी. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली सैन्यातून पेन्शन घेऊन परतले, दापोलीत राहिले, १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' छापले, आणि महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा सरकारला पाठवायचा अर्ज तयार केला. १८९५ साली त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली आणि त्यांच्या शेजारी बसावे लागणार म्हणून वरिष्ठ जातीच्या सभासदांनी कुरबूर केली. ती कुरबूर शिवाशिवीची होती हे खरेच. पण बोर्डाच्या टेबलावर कागद कोणापुढे ठेवला जाणार, याचीही ती कुरबूर होती.

पुढची तीस वर्षे मी भरभर ओलांडतो, कारण महाडचा १९२७ चा सत्याग्रह मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मार्चच्या २० तारखेला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या मागून हजारोंचा समुदाय चवदार तळ्याचे पाणी प्याला. ते तळे सर्वांना खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ चा, आणि नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे त्याच्या बाजूस उभे राहिलेले. ज्या परिषदेतून हा सत्याग्रह झाला तिच्या उभारणीत लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि अनंतराव चित्रे यांचे श्रम होते. येथे आपल्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट ही की पाण्याला विरोध करणाऱ्यांनीही अखेर कागदाचाच आश्रय घेतला. त्या वर्षी डिसेंबरात त्यांनी महाडच्या न्यायालयात दावा लावून तळे हे स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे प्रतिपादन करून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अंतिम निकाल देऊन अपील फेटाळले. अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, हे त्याचे कारण.

या निकालाला बरोबर सहा महिने झाले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तारखांचा हा योगायोगच. पण त्या दोन्ही प्रकरणांत प्रतिपक्षाचे मुख्य शस्त्र एकच होते, ते वहिवाटीचे. एका ठिकाणी ते बोथट ठरले होते. दुसऱ्या ठिकाणी ते अजून धारदार होते, कारण तळ्यावरची वहिवाट सिद्ध करायची होती, आणि खोतीची वहिवाट तर सरकारच्याच कायद्यांनी नोंदून ठेवलेली होती. विधेयकाचा आशय थोडक्यात असा : खोती जाऊन तिच्या जागी रयतवारी यावी, प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्या कुळाला कब्जेदाराचा दर्जा मिळावा, आणि खोतांना त्यांच्या गेलेल्या हक्कांबद्दल वाजवी नुकसानभरपाई मिळावी. या शेवटच्या कलमाचे काहींना नवल वाटते. १९२९ साली चिपळूणच्या शेतकरी परिषदेत ज्यांनी खोतीवर कठोर प्रहार केले होते, त्यांनीच खोताला पैसे द्यायला तयार व्हावे? आंबेडकर हे कायदा जाणणारे होते. मालमत्तेचा आरडाओरडा कोणत्या दिशेने होणार हे त्यांना ठाऊक होते, आणि तो आधीच निकामी करण्याचा हा मार्ग होता. वीस दशलक्ष पौंड ज्या पार्लमेंटने मोजले, तिच्याच छायेत वाढलेल्या कायदेमंडळात यापेक्षा वेगळी भाषा ऐकून घेतली गेली नसती.

विधानसभेत कुलाबा जिल्ह्यातून आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे म्हणून निवडून आलेले सुरबानाना टिपणीस होतेच. विधानसभेबाहेर अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांचा संप १९३३ पासून चालू होता. जमिनी ओसाड पडल्या, कुटुंबे लाकडे विकून जगली, पण कुळे शेतात उतरली नाहीत. या दबावाखाली खोतांनीही आपले जुने शस्त्रागार उघडले, आणि त्यात एका नव्या मुद्द्याची भर घातली. तो असा की खोत आता श्रीमंत राहिलेले नाहीत. तक्षिमा पडून पडून एकेका घराच्या वाट्याला काही मणच भात येते, गावचा वसूल पाहणाऱ्या वहिवाटदार खोताची पाळी कित्येक वर्षांनी एकदा लागते, आणि विधवा, अनाथ व पेन्शनर यांच्या तोंडचा घास काढून घेणे हा कोणता न्याय? हा मुद्दा खोटा नव्हता. खोतांच्या अनेक घरांत दारिद्र्य होतेच, आणि मुंबईच्या कचेरीतील तीस रुपयांच्या नोकरीवर जगणारे खोतही पुष्कळ. वेस्ट इंडियन मळ्यांचे कैवारीही इंग्लंडातील विधवांच्या हिश्श्यांचा असाच दाखला देत. त्यातली गोम अशी की विधवेच्या घासाची चिंता करणाऱ्यांनी तिच्या शेतावर फुकट राबणाऱ्या बाईच्या घासाची चौकशी कधी केलेली नसे.

१० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कोकणातल्या आणि इतर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून निम्मे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत होते. परळ-लालबागच्या चाळींतून गावकीच्या खोल्या होत्या. गावी खोताने बाकी काढली की मनीऑर्डर या खोल्यांतून जाई. खोतीने ज्याला गावाबाहेर ढकलले, तोच मुंबईत संघटना आणि संप शिकला होता, आणि आता बोटीने व पायी आलेल्या आपल्या भावाबरोबर कौन्सिल हॉलकडे चालत होता. शिष्टमंडळ मुख्य मंत्री बाळासाहेब खेरांना भेटले. उत्तरे सहानुभूतीची मिळाली. कुळांच्या प्रश्नाचा साकल्याने विचार चालू आहे, कायदा घाईने होऊ नये, असा एकंदर रोख. म्हणजे तोच जुना 'सावकाश'. विधेयक पुढे सरकले नाही, आणि १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामे दिल्यावर ते प्रकरण तेथेच राहिले.

काँग्रेसच्या त्या मंत्रिमंडळाला खोतांचे हस्तक म्हणणे मला पटत नाही. त्यांच्यापुढे अडचणी होत्या, आणि कुळांविषयी आस्था असलेली माणसेही त्यांच्यात होती. परंतु ज्या पक्षाचे तालुक्यातालुक्यातले कार्यकर्ते, वकील आणि देणगीदार बहुतांशी खोती घरांतूनच आलेले होते, त्या पक्षावर खोतांना निराळा दबाव आणावा लागत नव्हता. लंडनच्या व्यापाऱ्यांना पार्लमेंटमधली माणसे हाताशी धरावी लागली. आमच्याकडे ती घरचीच होती. माझ्या मते खोतीच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण हेच, सनदा आणि महजर ही त्यानंतरची.

स्वातंत्र्यानंतर मात्र दिवस पालटले. १९४८ च्या कूळकायद्याने वेठ आणि पट्ट्यांवर बंदी आली, आणि पाठोपाठ रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील खोती नष्ट करणारा १९४९ चा कायदा होऊन तो १५ मे १९५० पासून अमलात आला. खोताची गावावरची हुकमत, वसुलाचा हक्क, पडीत जमीन व जंगलावरचे दावे हे सारे त्याने काढून घेतले. खोतांच्या खाजगी जमिनी त्यांच्याच नावे राहिल्या. गेलेल्या हक्कांबद्दल नुकसानभरपाई मागण्याची तजवीजही त्यात होती, आणि तिच्यासाठी अर्ज, दावे, अपिले पुढे कित्येक वर्षे चालली. ज्याने आठ दिवसांतला एक दिवस फुकट दिला, त्याच्या वडिलांनी दिला, आजाने दिला, त्या दिवसांच्या भरपाईचे कलम त्या कायद्यात नव्हते. आणि तसे कलम मागणारा अर्जही कोणी केला नाही.

महाड, पोलादपूर आणि आसपासच्या गावांतून खोतांच्या जुन्या घरांत अजूनही माळ्यावर, पेटाऱ्यांत मोडी दप्तरे पडून आहेत. त्यांत सनदांच्या नकला आहेत, तशाच कुळांच्या कबुलायती, अभावणीच्या याद्या आणि थकबाकीच्या वह्याही आहेत. कुळांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. त्यांची नावे, त्यांची शेते, त्यांनी दिलेले मण आणि कुडव यांची नोंद असलीच तर ती त्यांच्याविरुद्ध लिहिलेल्या या वह्यांतच आहे. २०२१ च्या जुलैतील महापुराने महाडच्या पेठेची काय दशा केली ते सर्वांनी पाहिले आहे, आणि वाळवी तर दर पावसाळ्यात आपले काम करतेच. ज्यांच्या घरी अशी दप्तरे असतील त्यांनी ती लाजेने लपवू नयेत वा रद्दीत घालू नयेत. मुंबईच्या पुराभिलेखागाराकडे किंवा एखाद्या इतिहास-संशोधन मंडळाकडे ती जमा करावीत, आणि ज्या तरुणांना मोडी येते त्यांनी प्रथम सनदा न वाचता या थकबाकीच्या वह्या वाचायला घ्याव्यात.